टेकडीवरच्या पेटीचा मालक

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ती टकटक मी करत नव्हतो. माझ्यावर आळ आला, चारचौघांत आला, आणि उत्तर द्यायची मला सोय नव्हती. म्हणून आधी हे. आता बाकीचं.

आमच्या गावाबाहेर एक टेकडी आहे, टेकडीवर पाण्याची टाकी आणि टाकीच्या शेजारी लोखंडी कपाटात एक पेटी. त्या पेटीला आम्ही रिपीटर म्हणतो. ज्यांना हौशी रेडिओचा नाद आहे त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. हातातल्या सेटचा आवाज फार लांब जात नाही, चार गल्ल्या ओलांडल्या तरी नशीब. पेटी उंचावर बसलेली असते. ती तो बारीक आवाज ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांना जोरात ऐकवते. टेकडीपलीकडचा माणूसही मग शेजारी बसल्यासारखा बोलतो. पेटी बंद पडली की जो तो आपापल्या खोलीत एकटा.

ही पेटी ज्याची, त्याला सगळे मालक म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि शेवटी त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. नोकरी पंप चालवायची. टाकीची किल्ली त्याच्याकडे, म्हणून टेकडीवर जागा मिळाली. पण पेटी त्याने स्वतः बांधली, खांब उभा केला, वर चढून अँटेना बसवली, हे मी नाकबूल करणार नाही. लायसन्सही त्याच्याच नावावर. पेटीतून कुणी वेडंवाकडं बोललं तर वरून विचारणा होणार ती त्याला. आणि खांबासाठी सिमेंटची पोती टेकडीवर वाहिली कुणी? माझ्या पाठीला विचारा.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. घराच्या खालच्या खोलीत दुकान आहे. रेडिओवर सगळे मला मशीनवाला म्हणतात. म्हणायचे.

भांडण झालं ते एका टेम्पोवाल्यावरून. नवीनच लायसन्स काढलेला माणूस, पेटीवर येऊन मालाचे भाव विचारायचा. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायचं नसतं, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण त्याला चार शब्दांत समजावता आलं असतं. मालकाने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा हाकलला. मला ते पटलं नाही. आणि मला पटलं नाही की ते माझ्या पोटात राहत नाही. सकाळी पेटीवर आमची रोजची हजेरी होते, दुसऱ्या दिवशी त्या हजेरीत, सगळ्यांच्या देखत, मी बोलायचं बटण दाबलं आणि विचारलं, "हवा काय तुझ्या बापाची आहे?"

मालक शांतपणे म्हणाला, "हवा नाही. पेटी माझी आहे. तूही उद्यापासून येऊ नकोस."

आणि त्याने कुलूप बदललं. कुलूप म्हणजे काय, तर बोलताना आपल्या आवाजाच्या खालून सेट एक बारीक गुणगुण सोडतो, माणसाच्या कानाला न कळणारी. पेटी ती गुणगुण ओळखते, मगच दार उघडते. मालकाने गुणगुण बदलली आणि नवी कोणती ते मला सोडून सगळ्यांना कळवलं. मला काय, माझ्याकडे ती मोजायचं यंत्र आहे. चहा निवायच्या आत नवी गुणगुण शोधून काढली आणि नाकावर टिच्चून हजेरीत हजर झालो. "शुभ सकाळ, मालक!" म्हटलं.

तो म्हणाला, "ते कुलूप तुला उघडता येतं हे मला ठाऊक आहे. मी तुला येऊ नको म्हटलंय, एवढंच."

झालं. त्यानंतर मी बटणाला बोट लावलं नाही. कुलपाची मी पर्वा केली नसती. पण तोंडावर नको म्हटल्यावर परत जायचं? मला काही इभ्रत आहे की नाही? मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. तोही कधी म्हणाला नाही. त्याची गल्ली आमच्या गल्लीच्या मागेच, त्यामुळे रस्त्यात गाठ पडायचीच. समोरासमोर आलो की दोघांपैकी एकाला एकदम दुकानांच्या पाट्या वाचाव्याशा वाटायच्या.

पण बंदी बोलण्यावर असते. ऐकण्यावर कोण घालणार? रोज सकाळी दुकान उघडलं की सेट सुरू. मालक एकेकाचं कॉलसाइन घ्यायचा, म्हणजे लायसन्सवरचं ज्याचं त्याचं रेडिओतलं नाव, आणि जो तो "हजर" म्हणायचा. कुणाच्या मुलीला ताप, कुणाची बदली, कुणाच्या घराचं छत गळतंय, सगळं मला कळायचं. माझं कुणाला काही कळायचं नाही. बायको म्हणायची, "भिंतीला कान लावणारी सासू परवडली. ती निदान मधे बोलते तरी."

अशी वर्षं गेली. मग मालकाला झटका आला.

मेंदूत गुठळी. मी हॉस्पिटलात गेलो होतो, बाहेरून काचेतून पाहिलं आणि परत आलो. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले, श्वास चालू आहे, पण काही समजत असेल असं दिसत नाही. पुढे त्याला घरी आणलं. मी घरी गेलो नाही. काय म्हणून जायचं? ज्याच्याशी भांडण होतं तो तिथे नव्हताच. नसलेल्या माणसाशी समेट करून मोकळं व्हायचं, ही मला चोरी वाटली. आणि खरं सांगू? मला त्याचा राग आला होता. अर्ध्या भांडणातून उठून गेला म्हणून.

पेटी त्याच्या धाकट्या बहिणीने चालवायला घेतली. तिला सगळे ताई म्हणतात. शाळेत गणित शिकवते आणि तसंच बोलते. लायसन्स तिने भावाच्या नादाने उशिरा काढलं. पेटीच्या ज्या चाव्या मालकाकडे होत्या, म्हणजे चालू करणं, बंद करणं, गुणगुण बदलणं, त्या सगळ्या तिच्याकडे आल्या. हजेरीही तीच घ्यायला लागली. भावाचं कॉलसाइन मात्र ती घ्यायची नाही. तिथे जरासा श्वास घ्यायची आणि पुढच्याचं घ्यायची. सगळ्यांना समजायचं.

आणि मग ती टकटक सुरू झाली.

ताईने हजेरी सुरू केली की मधेच कुणीतरी बटण दाबायचं आणि सोडायचं. बोलायचं काही नाही. नुसतं टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. आमच्यात याच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. बटण दाबलंस तर नाव सांग, नाव सांगायचं नसेल तर दाबू नको, हा पहिला धडा असतो. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "कोण आहे? नाव सांगा." टक, टक. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नाव सांगायची हिंमत नसेल तर निघा इथून." टक. असं चालूच राहिलं. शेवटी एका सकाळी तिचा आवाज चढला. "ज्यांना माझ्या भावाने बंदी घातली होती, त्यांनी तो अंथरुणावर पडल्यावर असला सूड उगवू नये. शोभत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायचं बाकी काय राहिलं? टेम्पोवाला कधीच गाव सोडून गेला होता. उरलो मी. सेट हातात होता, अंगठा बटणावर होता. पण दाबलं असतं तर तिचंच खरं झालं असतं, की बघा, आलाच. हात चोळत बसलो.

"तुम्ही करत नाही ना हो?" बायकोने वरून विचारलं.

"तूसुद्धा?"

"नाही, विचारलं आपलं. राग आला की तुमचा भरवसा नसतो."

ताईने त्याच दिवशी गुणगुण बदलली आणि ज्याला त्याला खासगीत कळवली. दुसऱ्या सकाळी टकटक नाही. पेटी शांत. "बघा," ती म्हणाली, "समजायचं त्याला समजलं." म्हणजे आता मी गुन्हेगार पक्का झालो.

मी ठरवलं, चोर पकडायचा. ते अवघड नव्हतं. पेटी ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलते ती सगळे ऐकतात. पण पेटी ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकते, तिथे सेट लावला तर मधल्या मधे पेटी नसते, बोलणाऱ्याचा सेट थेट ऐकू येतो. अट एकच, तो जवळपास असला पाहिजे. कुलूप लागलं म्हणून चोराने दार ढकलायचं सोडलंच असेल असं नाही. पेटीला त्याचं ढकलणं ऐकू येणार नाही, मला येईल.

सकाळी हजेरीच्या वेळी सेट तिथे लावून बसलो. बायको बॉबिनची खोकी लावत होती. सेटमधून नुसती खरखर. आणि मग खरखर एकदम तुटली. कुणीतरी बटण दाबलं होतं. सेटवरचा, आलेल्या आवाजाचा जोर दाखवणारा काटा टोकाला गेला, म्हणजे माणूस अगदी जवळचा. "मागच्याच गल्लीत आहे हरामखोर," मी म्हटलं.

खरखर परत आली. परत तुटली. पेटीवर हे सगळं टकटक होऊन ऐकू येतं, कारण पेटी एकदा उघडली की थोडा वेळ उघडीच राहते, दाबण्यातलं लहानमोठं कळत नाही. इथे ते कळत होतं. शांतता कधी इवलीशी, कधी लांब. मी चिडलेलाच होतो, ऐकत होतो फक्त पत्ता काढायला. पण कान तेवढ्यावर थांबेनात. इवली शांतता, लांब शांतता. ठिपका, रेघ.

हे मोर्स होतं. जुन्या तारेची भाषा. आमच्या वेळी ती आल्याशिवाय लायसन्स मिळायचं नाही. आता कुणी शिकत नाही, शिकायची सक्तीही नाही.

हातात कापडावर खुणा करायचा खडू होता. समोरच्या मशीनच्या पाटावर मी ठिपके आणि रेघा ओढत गेलो. अंगठा भयंकर हळू चालत होता. एकेका अक्षराला इतका वेळ, की मला वाटायचं संपलं, आणि तेवढ्यात पुढचं यायचं. शेवटची रेघ उगाच लांबवलेली. शेवटची रेघ अशी लांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. तरुणपणी आम्ही एकाच टेबलाशी बसून मोर्स शिकलो होतो आणि त्या रेघेवरून मी त्याची खेचायचो.

पाटावर मालकाचं कॉलसाइन होतं.

खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. "अगं," मी म्हटलं, "तो आत आहे."

"कोण? कुठे आत?"

"मालक. तो आहे. त्याला सगळं कळतंय. तो हजेरी देतोय रोज."

बायकोने खोकं खाली ठेवलं. "अहो, त्यांना उद्या संस्थेत नेणार आहेत," ती म्हणाली. "वहिनी भेटल्या होत्या काल. एकट्यांच्याने उचलणं होत नाही. नाहीतरी यांना कळत तर काही नाही, म्हणाल्या. गाडी सांगितली आहे. लांब आहे ती जागा, आणि रेडिओ वगैरे आत नेऊ देत नाहीत."

मी नुसता पाटाकडे बघत राहिलो. उद्या त्याच्या हातातून सेट काढून घेतला असता आणि एका खोलीत ठेवलं असतं. तिथे तो आतल्या आत जागा राहिला असता, आणि ते कुणाला कधीच कळलं नसतं.

"मग जा ना!" बायको ओरडली. "की त्या घराच्या दारालाही गुणगुण लागते?"

मालकाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दार उघडलं. मला बघून त्या मागे सरल्या. "भावजी? तुम्ही?"

"वहिनी, मालक कुठाय?"

"कुठे असणार?"

आतून ताई आली, हातात ओला टॉवेल. हजेरी आटपली की भावाचं अंग पुसायला ती रोज यायची. "तुमचं इथे काय काम?" तिने विचारलं.

"टकटक करणारा सापडला," मी म्हटलं.

"सापडायचं काय त्यात? माझ्यासमोर उभा आहे."

"ताई, तो तुझा भाऊ आहे."

मी थेट खोलीत गेलो. खिडकीशी खाट, गुडघ्यांखाली चादरीची वळकटी, स्टुलावर वाटी आणि चमचा. मालक. किती बारीक झाला होता! पोती वाहताना मला लाजवायचा तो माणूस. उजव्या हातात सेट, आणि तो पडू नये म्हणून मऊ कापडाच्या पट्टीने मनगटाला बांधलेला. अंगठा बटणावर.

"त्यांचा अंगठा सारखा हलायचा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, आपोआप हलतो. मला वाटलं, काहीतरी धरायला असलं तर बरं वाटेल. आवाज बारीक ठेवते, हजेरीपुरता. चार्जिंगला मात्र रोज लावते. त्यांना रिकामी बॅटरी खपायची नाही."

"ताई," मी म्हटलं, "तू रोज विचारत होतीस, कोण आहे, नाव सांगा. तो रोज नाव सांगत होता."

टॉवेल तिच्या हातातून खाली पडला. पण ताई ताईच. तिने तो उचलला, घडी केली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?"

"मोर्समध्ये. मी वाचलं."

"आणखी कुणी वाचलं?"

"आता मोर्स वाचतंय कोण गावात?"

"म्हणजे तुम्ही म्हणाल ते खरं." तिने टॉवेल स्टुलावर आपटला. "उद्या गाडी येणार, आणि बरोबर आज तुम्हाला मोर्स ऐकू आलं. दादा बोलतो, पण फक्त तुम्हाला कळतं. मग तो काय सांगणार? मशीनवाल्याला परत घ्या. हो ना? खेळ मांडलाय तुम्ही माझ्या भावाचा!"

राग आला. पण तिच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि जास्त वाईट शब्दांत.

ती खाटेशी वाकली. "दादा, ऐकतोयस ना? बघ कोण आलंय. ह्यांना पेटीवर परत घेऊ का? सांग. हे वाचून दाखवतील आम्हाला." शेवटचं वाक्य त्याच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

तिला वाटलं, तिने मला उघडं पाडलं. खरं तर तिने मला कात्रीत धरलं होतं. त्याने हो म्हटलं आणि मी हो वाचलं, तर कोण विश्वास ठेवणार? मी खोटारडा ठरणार आणि उद्या गाडी येणार. आणि नाही म्हटलं तर... इतकी वर्षं मी रोज सकाळी तो सेट लावून काय ऐकत होतो? कधीतरी माझं नाव घेईल म्हणूनच ना? आता ते घेईल की नाही, हे त्याच्याच खाटेशी उभं राहून बघायचं होतं.

बटण दाबलं की सेटवरचा लाल दिवा लागतो. आम्ही तिघं त्या दिव्याकडे बघत होतो.

दिवा लागला. लागून राहिला. विझला. मग एकदा नुसता चमकला.

रेघ, ठिपका.

आमच्या भाषेत हो आणि नाही यांची सुरुवात सारखीच आहे. रेघ, ठिपका, एवढ्यावर थांबलं तर नाही. तेच लगेच पुन्हा आलं तर दोन्ही मिळून हो. मी वाट पाहिली. अंगठा स्वस्थ होता. दमला असेल, मी मनात म्हटलं, दमून अर्ध्यावर राहिला असेल. चल ना रे, अजून एक रेघ, अजून एक ठिपका. माझ्यासाठी नको, निदान त्या पोत्यांसाठी.

बऱ्याच वेळाने दिवा पुन्हा लागला. रेघ. ठिपका.

जोडलं असतं तर हो झालं असतं. कुणी मला पकडलं नसतं. मीही स्वतःला पटवलं असतं, की आजारी माणूस आहे, अंगठा हळू चालतो, मधे खंड पडणारच. पण मी सकाळी त्याचं अख्खं कॉलसाइन ऐकलं होतं. कितीही हळू असला तरी एका अक्षराच्या मधे तो इतका थांबत नाही. तो दुसऱ्यांदा तेच म्हणाला होता. एकदा सांगून मी ऐकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"नाही म्हणाला," मी सांगितलं. "दोनदा."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग ती खाटेच्या कडेवर बसली, भावाचा तो बांधलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "दादाच आहे," ती म्हणत होती. "अरे, दादाच आहे हा. आणि मी तुला निघ म्हटलं रे. रोज म्हटलं."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे यांना कळत होतं? आम्ही इथेच उभं राहून बोललो हो, भावजी. ह्याच खोलीत. गाडी किती वाजता येणार, ही खाट कुणाला द्यायची. ह्यांच्या उशाशी उभं राहून." मग त्यांनी हात खाली घेतले आणि नवऱ्याच्या चेहऱ्याजवळ गेल्या. "अहो. जायचंय तुम्हाला तिकडे?"

दिवा लागला. लांब. मग इवलासा. मी तोंड उघडलं, पण वहिनींनी मला हाताने थांबवलं.

"हे मला समजलं," त्या म्हणाल्या.

मी निघालो तेव्हा ताई दारापर्यंत आली. डोळे सुजले होते, पण आवाज पुन्हा शाळेतला. "नवी गुणगुण सांगते तुम्हाला," ती म्हणाली. "दादाच्या सेटमध्ये घालून द्या. आणि तुमच्याही. उद्यापासून या हजेरीला."

"मी? त्याने काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"तो आजारी आहे. पेटी सध्या मी चालवते. तुम्ही आज जे केलंत, त्यानंतर मी तुम्हाला बाहेर ठेवू?"

"म्हणजे पुन्हा तेच," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेल. "त्याला विचारायचं, आणि तो बोलला की आजारी आहे म्हणून सोडून द्यायचं. मग उद्याची गाडी काय वाईट होती? विचारलंस तर ऐक. त्याच्या पाठीमागून मला त्याची पेटी नको."

तिने गुणगुण सांगितली, मी आत जाऊन मालकाच्या सेटमध्ये घातली. पट्टी नीट बांधली, जरा सैल केली, मनगटावर वळ उठले होते. "रेघ अजून लांबवतोस," एवढंच म्हटलं. त्याने उत्तर दिलं नाही. दमला होता, किंवा द्यायचं नव्हतं.

घरी आलो तर बायको दारातच. सगळं सांगितलं. नाही म्हणाला ते सांगितलं, तेव्हा मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. बायकोने त्याला संध्याकाळी या म्हणून सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"एवढं लागलं?" तिने विचारलं.

"लागलं. आणि बरंही वाटलं. मला नाही कळत."

दुसऱ्या सकाळी सेट लावला. ह्या वेळी पेटीवर, सगळे ऐकतात तिथे. नवी गुणगुण मला ठाऊक होती, माझ्या सेटमध्ये घालायला दोन बटणं पुरली असती. सेट टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर. बायको स्टूल ओढून शेजारी बसली. आजवर ती कधी बसली नव्हती.

ताईने सगळ्यांना आधी सांगून ठेवलं असणार, कारण कुणी खोकलंसुद्धा नाही. तिने पहिलं कॉलसाइन घेतलं ते मालकाचं. मग ती थांबली. सगळे थांबले. गावातले, टेकडीपलीकडचे, सगळे आपापल्या खोलीत सेटकडे बघत बसले असतील. टक. टक. बराच वेळ लागला. शेवटची रेघ संपली तेव्हा ताई म्हणाली, "हजर."

मग एकेक नाव झालं. हजर, हजर, हजर. कुणाचाही आवाज धड नव्हता. शेवटच्या नावानंतर ताई घुटमळली. बटण तिने सोडलं नव्हतं, तिचा श्वास ऐकू येत होता. बायकोने माझा हात धरला. "घेतील हो," ती कुजबुजली, "आता तुमचंही घेतील."

ताईने हजेरी संपवली. माझं नाव घेतलं नाही. घेणार कशी? मालक शुद्धीवर होता.